यंत्राचा वेग आणि यंत्राचा भरवसा

विकत घेतलेल्या वस्तूकडून ठरलेल्यापेक्षा थोडे अधिक काम काढून घ्यावे, ही मनुष्यस्वभावातील एक जुनी आणि बव्हंशी निरुपद्रवी हौस आहे. टांगेवाला चढणीवर घोड्याला चुचकारीत असे. सायकलचा शौकीन मागचे दातेरी चाक बदलून पाही. मोटारीचा हौशी मालक कार्ब्युरेटरशी खटपट करण्यात आपला रविवार घालवी. संगणकाच्या युगात याच हौसेने नवे रूप धारण केले आहे. ज्याला संगणकाचा मेंदू म्हणतात तो प्रोसेसर, कारखान्याने नेमून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने चालविणे, याला ओव्हरक्लॉकिंग असे नाव आहे. ही हौस वाईट नाही. परंतु तिच्यातून उपस्थित होणारा प्रश्न केवळ हौशी मंडळींपुरता नाही. यंत्र वेगाने चालणे ही एक गोष्ट आणि यंत्र भरवशाने चालणे ही दुसरी. या दोहोंमधील अंतर ओळखावे कसे, आणि वेग वाढविल्यावर यंत्र डळमळू लागले तर दोषाचा माग काढावा कसा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या विचाराला रायपूरसारखे योग्य स्थळ क्वचितच सापडेल. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून मराठी कुटुंबे जेथे नांदत आली, आणि १ नोव्हेंबर २००० पासून जे छत्तीसगड राज्याची राजधानी झाले, ते हे शहर. सुटे भाग आणून घरीच संगणक जोडणारे विद्यार्थी इतर शहरांप्रमाणे येथेही आहेत. परंतु या छंदावरील पुष्कळशी माहिती थंड हवेच्या देशांतून लिहिली जाते. ती वाचून जानेवारीत यशस्वी झालेला प्रयोग रायपूरच्या मे महिन्यात कसा टिकावा, हे त्या माहितीत सहसा नसते. ही उणीव विद्यार्थ्याला स्वतःच भरून काढावी लागते.

प्रथम वेग म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. गावात आग लागली असता विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग उभी राहते आणि पाण्याची घागर एका हातातून दुसऱ्या हातात दिली जाते. ही देवघेव सुरळीत चालावी म्हणून एखादा ठोके देत असेल, तर प्रत्येक ठोक्याला घागर एक माणूस पुढे सरकेल. प्रोसेसरमध्ये असेच घडते. घागरींच्या जागी तेथे विद्युत्‌संकेत असतात आणि ठोके देणारे एक घड्याळ असते. मदरबोर्डवरील मूळ ठोका बहुधा सेकंदाला १० कोटींचा, म्हणजे १०० मेगाहर्ट्झचा असतो; त्याला एका गुणकाने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो. गुणक ४५ असेल तर वेग ४,५०० मेगाहर्ट्झ, म्हणजेच साडेचार गिगाहर्ट्झ होतो. सेकंदाला ४५० कोटी ठोके! दोन ठोक्यांमधील अवधी इतका अल्प की तेवढ्यात प्रकाशकिरणसुद्धा जेमतेम पावणेसात सेंटिमीटर अंतर तोडतो. एवढ्या अवकाशात प्रत्येक संकेताने आपल्या पुढच्या मुक्कामी पोहोचले पाहिजे. ठोका पडला आणि घागर अद्याप हातात आलेली नाही, असे झाले की पुढचा माणूस रिकाम्या हाताने वळतो. प्रोसेसरच्या भाषेत, एकाच्या जागी शून्य वाचले जाते.

रांगेतील माणसांची उपमा आणखी थोडी पुढे नेता येते. माणसांच्या अंगी बळ अधिक असेल तर ती जलद ठोक्यालाही पुरी पडतात. प्रोसेसरला हे बळ विद्युद्दाबातून मिळते. परंतु जलद काम करणारी माणसे घामाघूम होतात आणि थकली की त्यांचे हात मंदावतात; प्रोसेसरचा थकवा म्हणजे उष्णता. वेग, दाब आणि उष्णता या तिघांचे नाते लक्षात ठेवले की या विषयातील पुष्कळशी कोडी आपोआप उलगडतात.

आता, कारखानदाराने वेग साडेचार ठरविला असताना यंत्र पाचावरही चालू शकते, हे कसे? याचे कारण असे की कारखानदार नेहमी हातचे राखून आकडा छापतो. कोणत्याही धरणाची भिंत जलाशयाच्या सर्वोच्च पातळीइतकीच उंच बांधीत नाहीत. तिच्यावर काही मोकळी उंची राखून ठेवतात. धमतरीजवळ महानदीवरील गंगरेलचे धरण पाहणाऱ्याला ती मोकळी भिंत वाया गेल्यासारखी वाटेल. परंतु वादळी रात्री, जलाशय भरलेला असताना उसळणाऱ्या लाटांकरिता ती राखलेली असते. प्रोसेसरचा कारखानदार याच न्यायाने वागतो. एकाच साच्यातून निघालेल्या चकत्या सारख्या नसतात; काही सरस, काही निरस निघतात. त्यांची प्रतवारी लावून, सर्वांत उष्ण खोलीत, सर्वांत धुळकट पेटीत, सर्वांत जड काम करीत असतानाही जो वेग निभावेल तो आकडा वर छापला जातो. उरलेली शक्ती म्हणजे राखीव निधी.

हा राखीव निधी किती मोठा असू शकतो याचे एक उदाहरण या छंदाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १९९८ साली इंटेलने सेलेरॉन ३००ए या नावाचा एक स्वस्त प्रोसेसर बाजारात आणला. त्याचा मूळ ठोका ६६ मेगाहर्ट्झचा आणि गुणक साडेचार, म्हणून वेग ३०० मेगाहर्ट्झ. हौशी मंडळींनी मूळ ठोका ६६ वरून १०० वर नेला आणि त्यांतील पुष्कळांचे यंत्र ४५० मेगाहर्ट्झवर सुखेनैव चालू लागले. त्या वर्षीच्या सर्वांत महागड्या पेंटियम-२ चा वेगही तेवढाच होता. स्वस्ताईचा माल श्रीमंतांच्या पंक्तीला जाऊन बसला, याचे त्या वेळी मोठे कौतुक झाले. तेव्हापासून या छंदाची लोकप्रियता वाढत गेली आणि पुढे कारखानदारांनीच गुणक मोकळा ठेवलेले प्रोसेसर विकण्यास प्रारंभ केला.

पण हा निधी अक्षय नाही, आणि त्याचा हिशेब चुकला तर खुद्द कारखानदारालाही तोंडघशी पडावे लागते. छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले त्याच वर्षी, म्हणजे २००० साली, इंटेलने पेंटियम-३ चा १.१३ गिगाहर्ट्झ वेगाचा प्रोसेसर जुलैअखेर बाजारात आणला. स्पर्धा तीव्र होती आणि राखीव वेग जवळजवळ सगळा खर्च झाला होता. स्वतंत्र परीक्षकांना असे आढळले की हे यंत्र चालू होते, नेहमीची कामेही करते. परंतु लिनक्स या प्रणालीचा गाभा त्यावर बांधावयास घेतला की ते काम अर्ध्यातच कोसळते. महिन्याभरातच तो प्रोसेसर परत बोलावला गेला. या घटनेतून निघणारा बोध साधा आहे. ‘चालते’ आणि ‘सर्व कामांत, सर्व वेळी चालते’ ही दोन स्वतंत्र विधाने आहेत. दुसरे विधान सिद्ध करण्याचे उत्तरदायित्व एरवी कारखानदाराचे असते. जो मालक राखीव वेग खर्च करतो, तो हे उत्तरदायित्व स्वतःच्या शिरावर घेतो, मग त्याला त्याची जाणीव असो वा नसो.

अस्थैर्याची रूपे अनेक आहेत. यंत्र सुरूच होत नाही, पडदा काळा राहतो, हे एक रूप. काम चालू असता निळा पडदा येतो आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, हे दुसरे. चालू कार्यक्रम अकस्मात मिटतो, हे तिसरे. ही तिन्ही रूपे त्रासदायक खरी, पण प्रामाणिक आहेत. आपले काही चुकते आहे हे ती सांगून टाकतात. चौथे रूप मात्र कपटी आहे. यंत्र थांबत नाही, तक्रार करीत नाही, केवळ उत्तर चुकीचे देते. साडेचार गिगाहर्ट्झवर एका तासात सोळा लाख कोटींहून अधिक ठोके पडतात. त्यांतील एखाद्याच ठोक्याला घागर निसटली तर कोणाच्या ध्यानी येणार?

मूक चूक किती दूरवर जाऊ शकते हे १९९४ साली दिसून आले. अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक टॉमस नाइसली हे मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करीत असता त्यांच्या पेंटियमचे उत्तर जुळेना. शोध घेता असे निष्पन्न झाले की प्रोसेसरच्या भागाकाराच्या कोष्टकातच काही नोंदी गळाल्या होत्या. ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागले असता उत्तर १.३३३८२० यावयास हवे. त्या यंत्रावर ते १.३३३७३९ येई. तो दोष रचनेचा होता, वाढीव वेगाचा नव्हे. तथापि यंत्र न थांबता चूक करू शकते आणि ती चूक केवळ पडताळ्यानेच उघडकीस येते, हा धडा दोन्ही ठिकाणी सारखाच लागू पडतो.

तो धडा रायपूरच्या एखाद्या घरात कसा शिकावा लागेल, याची कल्पना करून पाहावी. तात्यापाऱ्यातील एका जुन्या मराठी घरी पणजोबांच्या वेळची मोडी कागदपत्रे एका पेटीत आहेत. पेटीला वाळवी लागण्याचे भय आहे. घरातील अभियांत्रिकीचा विद्यार्थी हिवाळ्याच्या सुट्टीत त्या कागदांची छायाचित्रे काढतो, ती संगणकावर घेतो आणि जागा वाचावी म्हणून सर्वांचे एक गाठोडे बांधून ठेवतो. त्याच आठवड्यात त्याने प्रोसेसरचा वेग साडेचारावरून पाचावर नेलेला आहे. दहा मिनिटांची एक परीक्षा त्याने घेतलेली आहे आणि ती उत्तीर्ण झालेली आहे. मे महिना उजाडतो. यंत्र दुपारी दोनदोनदा बंद पडू लागते. आजी सहज म्हणतात, ‘‘अरे, उन्हात माणसाला ऊन लागते, तुझ्या यंत्राला नाही का लागत?’’ नातू हसतो. पण त्या हसण्यानंतर गाठोडे उघडून पाहिले आणि त्यातील काही छायाचित्रे उघडलीच नाहीत, तर? आणि दरम्यान वाळवीने पेटीतील आपले काम उरकले असेल, तर? खेळातला संगणक बंद पडला तर एक डाव जातो. येथे एका घराची स्मृती जाते.

अशा विद्यार्थ्याने दोषाचा माग कोणत्या क्रमाने काढावा? पहिली पायरी सर्वांत सोपी आणि म्हणूनच सर्वाधिक दुर्लक्षित आहे. यंत्र कारखान्याच्या मूळ वेगावर आणून ठेवावे आणि दोष तरीही उद्भवतो की काय ते पाहावे. मूळ वेगावरही यंत्र कोसळत असेल तर वाढीव वेगाला दोष देण्यात अर्थ नाही. सैल बसलेली रॅम, दुबळा वीजपुरवठा किंवा बिघडलेली प्रणाली यांच्याकडे वळले पाहिजे. येथे एक फसगत ध्यानात ठेवावी. रॅमच्या पट्टीवर छापलेला मोठा वेग मिळविण्याकरिता बायॉसमध्ये जी तयार मांडणी चालू करतात, तीदेखील एक प्रकारची वेगवाढच होय. ‘आपण प्रोसेसरला हातही लावला नाही’ असे म्हणणाऱ्या पुष्कळांनी ही मांडणी चालू केलेली असते. मूळ वेग म्हणजे रॅमचाही मूळ वेग.

दुसरी पायरी वहीची आहे. सरकारी कचेरीत ज्याप्रमाणे प्रत्येक निर्णयाचा शेरा नस्तीवर उमटतो, त्याप्रमाणे प्रत्येक फेरबदल लिहून ठेवावा: तारीख, वेळ, खोलीचे तापमान, गुणक, विद्युद्दाब, प्रोसेसरचे कमाल तापमान, कोणती परीक्षा किती वेळ चालली आणि शेवट काय झाला. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. गुणक वाढविला, दाबही वाढविला, रॅमही चपळ केली आणि यंत्र कोसळले, तर तिघांपैकी अपराधी कोण हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. उतावळा मनुष्य एका संध्याकाळी वीस बदल करतो आणि काहीच शिकत नाही; सावध मनुष्य तीन बदल करतो आणि तिन्हींचा अर्थ त्याला कळतो.

तिसरी पायरी लक्षणांची. वैद्य ज्याप्रमाणे ताप केव्हा चढतो हे विचारतो, तद्वत् यंत्र केव्हा कोसळते हे विचारावे. जड काम सुरू होताच दोन-चार मिनिटांत निळा पडदा येत असेल तर त्या वेगाला विद्युद्दाब बहुधा अपुरा आहे. तासभर नीट चालून मग कोसळत असेल तर उष्णतेचा संशय घ्यावा. कोणताही संदेश न देता यंत्र एकदम विझत असेल तर वीजपुरवठ्याची पेटी किंवा अतिउष्णतेचे संरक्षण यांकडे पाहावे. परीक्षेत नेहमी एकच गाभा चुकत असेल तर प्रोसेसरचा तो गाभा इतरांहून दुबळा आहे. त्याच्यापुरता वेग कमी केला तरी भागते. फायलींची गाठोडी बिघडत असतील, प्रती जुळत नसतील, तर प्रथम रॅमची झडती घ्यावी, आणि ती प्रोसेसर मूळ वेगावर ठेवून घ्यावी, म्हणजे एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी जाणार नाही. कोसळत काहीच नाही, पण वेग वाढवूनही काम लवकर होत नाही, असे आढळले तर प्रोसेसर तापून स्वतःच मंद होत असल्याची शक्यता मोठी असते.

एक लक्षण नवख्याला विशेष चकविते. जड परीक्षा रात्रभर उत्तीर्ण होणारे यंत्र सकाळी नुसते वर्तमानपत्र वाचीत असता कोसळते. याचे कारण असे की प्रोसेसरवरील भार चढउतार होत असता त्याला मिळणारा दाबही हेलकावे खातो. बायॉसमध्ये १.३० व्होल्ट लिहिले म्हणून पूर्ण भाराखाली तेवढाच दाब मिळतो असे नाही. तो काहीसा खाली घसरतो. ही घसरण किती होऊ द्यावी याची योजना मदरबोर्डवर असते. ती फार कडक केली तर भार उतरताच दाब उसळी मारतो. फार सैल ठेवली तर भार चढताच दाब बुडतो. शिवाय हलक्या कामात एखादाच गाभा सर्वोच्च वेगावर धाव घेतो, आणि त्या वेगाची परीक्षा सर्व गाभ्यांच्या एकत्रित परीक्षेत झालेलीच नसते. म्हणून जड कामाबरोबर हलक्या कामाचीही परीक्षा घेतली पाहिजे.

आता रायपूरच्या उन्हाळ्याचा हिशेब. प्रोसेसरवरील पंखा आणि धातूच्या पात्यांची जुडी हवेला थंड करीत नाहीत. प्रोसेसरची उष्णता फक्त हवेत नेऊन सोडतात. त्यामुळे ठराविक कामाला प्रोसेसर खोलीपेक्षा किती अंशांनी तापावा हे अंतर जवळजवळ कायम राहते. समजा, जानेवारीत खोली २० अंशांवर असता प्रोसेसर ७६ अंशांवर गेला. अंतर ५६ अंशांचे झाले. मेअखेर, सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि छत्तीसगडात ज्याला नवतपा म्हणतात ते नऊ दिवस सुरू होतात, तेव्हा बंद खोलीचे तापमान ३८ अंश धरले तर तोच प्रोसेसर ९४ अंशांवर जाईल. आधुनिक प्रोसेसर बहुधा ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान स्वतःला आवरू लागतात. म्हणजे जानेवारीत जो निधी शिल्लक दिसत होता, तो ऋतूने घेतलेला होता. यंत्राला ऊन लागते, हे आजींचे म्हणणे भौतिकशास्त्राच्या दृष्टीनेही बरोबर आहे.

त्यात धुळीची भर पडते. उरला आणि सिलतरा या औद्योगिक पट्ट्यांत लोखंडाचे कारखाने आहेत आणि शहरातील गच्च्यांवर साचणाऱ्या काळ्या धुळीची तक्रार नागरिक वर्षानुवर्षे करीत आले आहेत. ही धूळ पात्यांच्या फटींत बसली की वारा वाहता राहूनही उष्णता बाहेर पडत नाही. खिडकीतील पाण्याचा कूलर कोरड्या उन्हाळ्यात खोली गार करतो हे खरे, पण त्याची ओलसर हवा थेट संगणकाच्या तोंडावर सोडली तर धूळ पात्यांवर चिकटून थर धरते. म्हणून कूलरच्या झोतापासून यंत्र बाजूला असावे, उन्हाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा त्याची साफसफाई व्हावी, आणि प्रोसेसर व पाती यांच्यामधील थर्मल पेस्ट वाळून गेली असल्यास नवी लावावी. वेगाच्या शोधात निघालेल्याला कधी कधी ब्रशच्या चार फटकाऱ्यांनी जे मिळते, ते बायॉसमधील चार रात्रींच्या जागरणाने मिळत नाही.

दाब वाढविण्याचा मोह मात्र जपून आवरला पाहिजे. प्रोसेसरची वीजखप वेगाच्या प्रमाणात आणि दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग एक दशांश वाढविला आणि त्याकरिता दाबही एक दशांश वाढवावा लागला, तर १०० वॉटच्या जागी सुमारे १३३ वॉट उष्णता बाहेर टाकावी लागेल. कामात दहा टक्के लाभ, तापात तेहतीस टक्के वाढ! आणि तापलेल्या प्रोसेसरला स्थिर राहण्याकरिता आणखी दाब लागतो, ज्याने तो आणखी तापतो. कर्ज फेडण्याकरिता कर्ज काढण्याचाच हा प्रकार. याच भिंतीशी कारखानदारही अडखळले. २००४ साली इंटेलने चार गिगाहर्ट्झच्या पेंटियम-४ चा बेत सोडून दिला आणि एकच गाभा पळविण्याऐवजी एका चकतीवर अनेक गाभे बसविण्याचा मार्ग धरला. अनेक प्रोसेसरांना एकत्र जुंपण्याचा हा विचार महाराष्ट्राला नवा नव्हता. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली सिद्ध केलेला परम ८००० हा महासंगणक याच तत्त्वावर उभा होता.

जादा दाबाची किंमत ताबडतोब चुकवावी लागत नाही, म्हणून तर ती अधिक धोक्याची. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील घरगुती संगणकांचे काही प्रोसेसर हळूहळू अस्थिर होऊ लागल्याचे उघडकीस आले. प्रोसेसर प्रसंगी गरजेहून अधिक दाब मागून घेत होता आणि त्यामुळे ठोका वाहून नेणारा त्यातील मंडलभाग झिजत होता. एकदा झीज झाली की पूर्वी पुरणारा दाब पुढे पुरेनासा होतो. कंपनीने प्रोसेसरच्या अंतर्गत आज्ञावलीत दुरुस्ती केली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. पण झिजलेला प्रोसेसर दुरुस्तीने पूर्ववत होणार नव्हता. ज्याने सहा महिन्यांपूर्वी स्थैर्य सिद्ध केले आहे, त्यानेही ते पुन्हा पडताळून पाहावे, हा याचा अर्थ. आणि दोष आढळल्यास पहिला उपाय दाब वाढविण्याचा नसून वेग एक पायरी उतरविण्याचा असावा.

परीक्षेची साधने आज सहज उपलब्ध आहेत. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ साली प्रचंड मूळ संख्यांच्या शोधाकरिता प्राइम-९५ नावाचा कार्यक्रम सर्वांना खुला केला. तो प्रत्येक टप्प्याला आपल्या उत्तराचा पडताळा घेत असल्यामुळे यंत्राची मूक चूकही पकडतो, आणि म्हणून हौशी मंडळींनी त्याला परीक्षकाच्या खुर्चीवर बसविले. मेमटेस्ट-८६ हा रॅमची कसोटी पाहतो. संगणकाच्या प्रणालीत यंत्रदोषांची एक नोंदवही असते. पडद्यावर काहीही न दिसता दुरुस्त झालेल्या चुका तीत लिहिलेल्या सापडतात, आणि अशी एक नोंद म्हणजे कडा जवळ आल्याची सूचना समजावी. परीक्षा दहा मिनिटांची नसावी. काही तासांची असावी. ती पहाटेच्या गारव्यात नव्हे तर दुपारच्या उष्म्यात घ्यावी. रायपूरकराने हिवाळ्यात वेग ठरविला असेल तर खोलीतील उन्हाळ्याची वाढ हिशेबात धरून तेवढे अंश मोकळे सोडावेत. अथवा उन्हाळ्याकरिता बायॉसमध्ये वेगळी, नेमस्त मांडणी साठवून ठेवावी. जेथे परीक्षा उत्तीर्ण झाली त्या कडेवर न राहता गुणक एक पायरी खाली आणावा. ही शेवटची पायरी म्हणजे मालकाने स्वतःच्या हाताने पुन्हा उभारलेली धरणाची मोकळी भिंत होय.

यंत्र अजिबात सुरूच होत नसेल तर घाबरण्याचे कारण नाही. वीज पूर्ण तोडून मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी काही मिनिटे काढून ठेवली, किंवा त्याकरिता दिलेल्या दोन खुंट्या क्षणभर जोडल्या, की बायॉस आपली सर्व मांडणी विसरते आणि मूळ वेगावर परतते. यंत्राची स्मृती अशी परत मिळते. माणसाच्या कागदपत्रांची मिळत नाही. म्हणून प्रयोगाचे दिवस सुरू होण्यापूर्वी मोलाच्या सर्व फायलींची प्रत दुसऱ्या तबकडीवर घेऊन ती यंत्रापासून अलग करून ठेवावी. आणि प्रयोग चालू असता केलेले कोणतेही गाठोडे मूळ वेगावर परत येऊन एकदा उघडून तपासावे. त्या तपासणीपूर्वी मूळ वस्तू फेकू नये, मग ती छायाचित्रे असोत वा मोडी कागद.

इतक्या खटाटोपाचे फळ काय, असा प्रश्न कोणी विचारील तर तो गैर नाही. आजचे प्रोसेसर थंडावा आणि वीज पुरेशी मिळाल्यास आपला वेग आपणच वाढवून घेतात. मालकाच्या हाती उरणारा वाटा पूर्वीच्या मानाने अल्प आहे. ज्या यंत्रावर दुकानाचे जमाखर्च, संस्थेची नोंदपुस्तके किंवा रुग्णांचे अहवाल लिहिले जातात, त्याला या फंदात मुळीच पाडू नये. पण शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हा छंद एक अशी शाळा उघडून देतो की जिथे उष्णता, वीज आणि गणित यांची गाठ एकाच पेटीत पडते आणि निष्काळजीपणाची शिक्षा तत्काळ मिळते. आपल्या विधानाला पुरावा मागण्याची, पुरावा अपुरा असता निर्णय राखून ठेवण्याची आणि ऋतू बदलला की जुना पुरावा पुन्हा तपासण्याची सवय त्याला या शाळेत लागली, तर प्रोसेसरचा वेग शेवटी मूळ आकड्यावरच राहिला तरी त्याचे काही बिघडणार नाही.